थेंबांचा हिशेब

आपल्याकडे इस्पितळात आजाऱ्याच्या समाचारास गेलेला पाहुणा खोलीत शिरताच प्रथम रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहतो आणि लगेच उशाशी उभ्या असलेल्या लोखंडी दांड्याकडे. दांड्याला बाटली टांगलेली असली आणि तिच्यातून थेंबामागून थेंब ठिबकत असला, म्हणजे त्याचा जीव भांड्यात पडतो. बाटली नसली, तर घरच्या एखाद्या माणसाला बाजूस घेऊन तो हळूच विचारतो, “अजून सलाईन लावले नाही?” हा प्रश्न नागपुरात विचारला जातो, तसाच इंदुरात, बेळगावात आणि बडोद्यातही. भाषा बदलली तरी बाटलीवरील श्रद्धा बदलत नाही.

गेल्या पावसाळ्यात हा प्रश्न आमच्याच घरी आला. माझ्या आत्याला, वय वर्षे ६२, डेंग्यूचा ताप आला होता. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि आम्ही सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तो टाकण्यात घाई झाली, हे त्याच दुपारी कळून आले. आत्याचे हातपाय गार पडू लागले, पोटात दुखू लागले, लघवी जवळजवळ थांबली. डेंग्यूचा खरा धोक्याचा काळ पुष्कळदा ताप उतरतानाच सुरू होतो, हे तोवर आम्हांपैकी कोणास ठाऊक नव्हते. तिला अतिदक्षता विभागात हलविले. तेथे सलाईन सुरू झाले, दोन दिवस चालले, आणि रक्तदाब ताळ्यावर येतो न येतो तोच तेथील डॉक्टरीणबाईंनी ते बंद करविले.

माझा आतेभाऊ संतापला. “चार दिवस आईच्या पोटात अन्नाचा कण नाही, आणि तुम्ही सलाईनही काढून घेता?” डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. “तुम्ही दोघे आत या. मी काय पाहिले ते तुम्हांलाही दाखवते,” असे त्या म्हणाल्या. आत त्यांनी आत्याच्या छातीवर थोडे जेल लावले आणि मुठीएवढे एक साधन बरगड्यांच्या मधोमध टेकविले. शेजारच्या पडद्यावर जे दिसले त्याचा अर्थ त्या दिवशी मला अर्धामुर्धाच कळला. पुढे काही आठवडे त्या विषयावरचे वाचन मी केले. प्रस्तुत लेख हे त्याचेच फळ.

प्रथम बाटलीत काय असते ते पाहू. साधे सलाईन म्हणजे एक लिटर शुद्ध पाण्यात ९ ग्रॅम मीठ; याहून अधिक काही नाही. नेहमीच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून किंचित कमी. त्यात अन्न नाही, जीवनसत्त्व नाही, ‘ताकद’ तर मुळीच नाही. साखरेच्या बाटलीची कथाही फारशी निराळी नाही. तिच्या एका लिटरात ५० ग्रॅम साखर असते, आणि तिच्यापासून मिळणारी शक्ती जेमतेम दोन पोळ्यांइतकी. अशक्तपणा घालविण्यासाठी म्हणून जे धडधाकट लोक पैसे मोजून बाटली चढवून घेतात, ते मिठाच्या पाण्याला सोन्याचा भाव देतात, असे म्हणावयास हरकत नाही.

तरीही या मिठाच्या पाण्याने असंख्य प्राण वाचविले आहेत, हेही तितकेच खरे. त्याची कथा १८३१ सालच्या पटकीच्या साथीत सुरू होते. विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टराने इंग्लंडमध्ये पटकीच्या रुग्णांचे रक्त तपासले आणि त्यातील पाणी व क्षार मोठ्या प्रमाणात नष्ट झाले आहेत, ते परत दिले पाहिजेत, असे प्रतिपादन केले. हे गृहस्थ पुढे कलकत्त्यास आले, तेथील वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवू लागले, आणि १८५०च्या दशकात हिंदुस्थानात तारायंत्राचे जाळे उभारण्याचे श्रेयही त्यांच्याकडेच जाते. एकाच माणसाने शिरांतून पाणी आणि तारांतून संदेश वाहविण्याचा विचार करावा, हा योग मोठा गमतीचा.

ओशॉनेसीचा विचार प्रत्यक्षात आणला तो स्कॉटलंडमधील लीथ गावच्या टॉमस लॅटा यांनी, १८३२ साली. त्यांची पहिली रुग्ण एक वृद्ध स्त्री होती. नाडी लागत नव्हती, अंग थंडगार पडले होते. लॅटांनी तिच्या शिरेत क्षारयुक्त पाणी सोडावयास आरंभ केला. सुमारे अर्ध्या तासात सहा पाइंट, म्हणजे आजच्या मापाने तीन लिटरांहून अधिक पाणी आत गेले, आणि मरणोन्मुख स्त्री बोलू लागली. आता धोका टळला, अशा समजुतीने लॅटा तिला इस्पितळातील डॉक्टरांच्या स्वाधीन करून निघून गेले. उलट्या व जुलाब पुन्हा सुरू झाले, पाणी मात्र पुन्हा दिले गेले नाही, आणि काही तासांतच ती निवर्तली. किती दिले एवढ्याने भागत नाही, त्यानंतर काय झाले ते पुनःपुन्हा पाहावे लागते, हा धडा या उपचाराच्या पहिल्याच दिवशी मिळाला होता.

ज्याला गिळता येते त्याला पाणी तोंडानेच द्यावे, हे आपल्याकडे १९७१ साली सिद्ध झाले. बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून देण्याचे पाणी संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व सोडा यांचे पाणी पाजून हजारोंना वाचविले. परंतु अत्यवस्थ रुग्णाची गोष्ट निराळी. तो बेशुद्ध असतो, त्याचे आतडे काम देत नाही, रक्तदाब कोसळलेला असतो. त्याला शिरेतूनच द्यावे लागते. मग प्रश्न उरतो तो किती, आणि केव्हा थांबावयाचे, हा.

या प्रश्नाचे गांभीर्य जगाला कळले ते आफ्रिकेतील लहान मुलांमुळे. केनिया, युगांडा व टांझानिया या देशांत तीव्र तापाने आणि रक्ताभिसरण मंदावल्याने गंभीर झालेल्या ३,१४१ मुलांचे एक परीक्षण २०११ साली प्रसिद्ध झाले. कॅथरिन मेटलंड यांच्या नेतृत्वाखाली ते झाले होते. काही मुलांना पहिल्या तासातच वजनाच्या दर किलोमागे २० ते ४० मिलिलिटर द्रव शिरेतून वेगाने देण्यात आला. इतरांना असा मोठा लोंढा दिला नाही. वेगाने पाणी देणे हा सर्वमान्य उपचार होता, आणि तो गरीब देशांतील मुलांनाही मिळावा अशीच अपेक्षा होती. घडले ते उलट. लोंढा दिलेल्या मुलांपैकी ४८ तासांत शेकडा साडेदहाच्या आसपास दगावली. न दिलेल्यांपैकी ७.३. परीक्षण मुदतीपूर्वीच थांबवावे लागले. यात जुलाबाने कोरडी पडलेली मुले घेतलेली नव्हती, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. त्यांना पाणी हवेच असते. परंतु ‘पाण्याने काय अपाय होणार?’ हा भाबडा प्रश्न त्या दिवसापासून कोणत्याही जबाबदार डॉक्टराला विचारता येईनासा झाला.

अपाय होतो तो कसा? शिरेत सोडलेले सलाईन शिरेतच राहते, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात निरोगी माणसातही तासा-दोन तासांत त्याचा चतुर्थांशाच्या आसपास भागच रक्तवाहिन्यांत उरतो; बाकीचे पाणी पेशींभोवतालच्या जागेत झिरपते. गंभीर जंतुसंसर्गात किंवा डेंग्यूत केशवाहिन्यांच्या भिंती सच्छिद्र होतात आणि हे झिरपणे अधिकच वाढते. पाणी फुप्फुसांत साचले की श्वास अडतो. शिरांमध्ये तुंबले की मूत्रपिंडातील रक्ताला बाहेर पडावयास वाट राहत नाही आणि लघवी कमी होते. आणि लघवी कमी झाली म्हणून अधिक पाणी दिले, तर रोगाला खतपाणीच मिळते.

दुसरी अडचण हृदयाची. जर्मनीत ऑटो फ्रांक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि इंग्लंडमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी विसाव्याच्या आरंभी दाखवून दिले की हृदयात रक्त जितके अधिक भरेल तितके ते जोराने आकुंचन पावते, पण एका मर्यादेपर्यंतच. गलोलीचे रबर ताणावे तसा खडा दूर जातो. रबर पुरते ताणल्यावर मात्र आणखी ओढण्यात अर्थ नसतो. अतिदक्षता विभागातील रुग्णांचा अभ्यास केला असता असे दिसून आले आहे की, पाणी दिल्याने ज्यांच्या हृदयातून बाहेर पडणारे रक्त खरोखर वाढते असे रुग्ण साधारण निम्मेच असतात. उरलेल्या निम्म्यांच्या वाट्याला केवळ ओझे येते.

हे दोन निम्मे ओळखावयाचे कसे? पूर्वी मानेतील शिरेतून हृदयाजवळ नळी नेऊन तेथील दाब मोजीत. दाब कमी तर पाणी द्या, जास्त तर थांबा, असा सरळ नियम होता आणि त्यावर डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या वाढल्या. परंतु दाब म्हणजे साठा नव्हे. २००८ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा या आकड्यावरून पाण्याचा उपयोग होईल की नाही हे सांगता येत नाही, असेच आढळले. आकडा बिनचूक येत होता. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र तो नव्हता.

येथे सोनोग्राफी आली. कानाला ऐकू येणाऱ्या ध्वनीची कंपने सेकंदाला फार तर २० हजार असतात. या यंत्रातील स्फटिक काही दशलक्ष कंपनांचा ध्वनी शरीरात सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी टिपतो. स्वीडनमधील इंगे एडलर व हेल्मुट हर्ट्झ यांनी १९५३ साली धडधडत्या हृदयाचे प्रतिध्वनी नोंदविले, ते जहाजबांधणीच्या कारखान्यातून उसने आणलेल्या यंत्रावर. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये पोटातील गाठींची चित्रे प्रसिद्ध केली. त्यांचाही आरंभ धातूतील चिरा शोधणाऱ्या यंत्रापासूनच झाला होता. आज हे साधन मुठीत मावते, काही नमुने तर मोबाइलला जोडता येतात, आणि रुग्णाला खाटेवरून हलवावे लागत नाही. क्ष-किरणांचा संपर्क नसल्यामुळे दर दोन तासांनी पाहिले तरी बिघडत नाही.

डॉक्टर पाहतात ते मुख्यतः तीन ठिकाणी. पहिले हृदय. ते जोमाने चालते की थकलेले आहे, कप्पे रिकामे दिसतात की फुगलेले, भोवती पाणी साचले आहे काय, हे काही मिनिटांत कळते. थकलेल्या हृदयापुढे पाण्याची बाटली टांगणे म्हणजे दमलेल्या हमालाच्या डोक्यावर आणखी एक गोणी देणे होय.

दुसरे ठिकाण अधोमहानीला, म्हणजे शरीराच्या खालच्या भागातील रक्त हृदयाकडे नेणारी पोटातील मोठी नीला. स्वतः श्वास घेणाऱ्या माणसात ती श्वास आत घेताना आकसते. तिचा व्यास २.१ सेंटिमीटरहून कमी असेल आणि जोराने श्वास घेताच ती निम्म्याहून अधिक आकसत असेल, तर हृदयाच्या उजव्या कप्प्यातील दाब कमी आहे असे समजतात. फुगलेली राहिली आणि हललीच नाही, तर जास्त. कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर असलेल्या रुग्णात हा खेळ उलटा चालतो, आणि तेथे नवशिक्याची फसगत होते. शिवाय आकसणारी नीला दिसली म्हणजे पाणी द्यावेच, असेही नाही. आपणांपैकी बहुतेकांची नीला या क्षणी आकसतच असेल. म्हणून कोणी आपल्याला बाटली टांगीत नाही. हृदय आणखी पाणी घेऊ शकते आणि शरीराला आणखी पाणी हवे आहे, ही दोन निरनिराळी विधाने आहेत. माझ्या मते या साऱ्या विषयाची गुरुकिल्ली येथेच आहे.

तिसरे ठिकाण फुप्फुस. गंमत अशी की फुप्फुसासाठी सोनोग्राफी निरुपयोगी, असेच वैद्यकाच्या ग्रंथांत दीर्घकाळ लिहिलेले असे. कारणही पटण्याजोगे होते. फुप्फुसात हवा असते, हवेच्या पृष्ठभागावरून हा ध्वनी जसाच्या तसा परततो, आतले काहीच दिसत नाही. पॅरिसजवळच्या एका इस्पितळातील अतिदक्षता विभागात डॅनिएल लिश्टेनस्टाइन या डॉक्टरांनी हे ‘काहीच न दिसणे’ चिकाटीने पाहावयास घेतले. निरोगी फुप्फुसावर त्यांना समांतर आडव्या रेघा दिसत. पाणी झिरपलेल्या फुप्फुसावर मात्र पृष्ठभागापासून पडद्याच्या तळापर्यंत जाणाऱ्या उभ्या, तेजस्वी रेघा, धूमकेतूच्या शेपटासारख्या, श्वासाबरोबर डोलणाऱ्या. १९९७ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केले. आज बरगड्यांच्या एका फटीत अशा तीन वा अधिक रेघा दिसल्या की डॉक्टर सावध होतात. श्वास लागण्यापूर्वीच त्या दिसू शकतात, हे त्यांचे मोल. मात्र न्यूमोनियात किंवा जुन्या विकाराने निबर झालेल्या फुप्फुसातही त्या दिसतात. रेघ दिसली की पाणीच, असे मानता येत नाही.

याशिवाय एक युक्ती मला विशेष आवडली. अर्धवट बसलेल्या रुग्णाचे डोके खाली व पाय ४५ अंशांनी वर केले, की पायांतील व पोटातील सुमारे ३०० मिलिलिटर रक्त हृदयाकडे धाव घेते. त्या मिनिटभरात हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा प्रवाह सोनोग्राफीने मोजावयाचा. तो शेकडा १० ते १५ हून अधिक वाढला, तर पाण्याचा उपयोग होईल. न वाढला, तर बहुधा होणार नाही. पाय खाली घेतले की रक्त परत जागच्या जागी. बाहेरचा एक थेंबही न देता रुग्णाकडूनच उसने घेऊन केलेली ही परीक्षा आहे, आणि उसने लगेच फेडलेही जाते.

आता आत्याकडे वळू. पहिल्या दिवशी, डॉक्टरीणबाईंनी सांगितले, तिच्या उजव्या फुप्फुसाभोवती आणि पोटात पाणी उतरलेले दिसत होते, पित्ताशयाची भिंत सुजली होती आणि अधोमहानीला बारीक होऊन श्वासागणिक मिटत होती. शरीरात पाणी होते, पण भलत्या जागी. रक्तवाहिन्या रित्या होत होत्या. म्हणून सलाईन मोजून दिले गेले. आता गळती थांबली होती. बाहेर झिरपलेले पाणी आपणहून रक्तात परत येऊ लागले होते. नीला फुगून स्थिर राहिली होती आणि छातीच्या दोन्ही बाजूंस उभ्या रेघा डोलत होत्या. डॉक्टरीणबाईंनी एका रेघेवर बोट ठेवले. “तुमच्या आईला आता तिचे स्वतःचेच पाणी चढते आहे. त्यात मी आणखी घातले, तर रात्री श्वासाचे यंत्र लावावे लागेल.” लघवी वाढविणारे औषध त्यांनी सुरू केले. भाऊ काही बोलला नाही. बाहेर आल्यावर त्याने माझ्याजवळ कागद मागितला आणि आईने किती प्यायले व किती बाहेर गेले, हे त्या दिवसापासून तो स्वतः लिहू लागला.

या विद्येचा अतिरेकी गौरव करण्याचा माझा हेतू नाही. पाहणाऱ्याचा हात आणि डोळा तयार नसेल, तर पडद्यावरील सावल्या कोणताही अर्थ सांगू शकतात. रुग्ण स्थूल असला किंवा पोटावर शस्त्रक्रियेची पट्टी असली, तर नीला दिसतही नाही. दमा-खोकल्याच्या जुन्या रोग्यांत ती पाणी अधिक नसतानाही फुगलेली असू शकते. सोनोग्राफीच्या वापरामुळेच मृत्यू घटतात, असे मोठ्या परीक्षणांतून अद्याप ठामपणे सिद्ध झालेले नाही. २०२२ साली युरोपात आणि २०२३ साली अमेरिकेत, जंतुसंसर्गाने रक्तदाब खालावलेल्या रुग्णांना पाणी कमी द्यावे की सढळ, याची दोन मोठी परीक्षणे प्रसिद्ध झाली. दोन्हींत सरासरी मृत्युसंख्येत फरक पडला नाही. काहीजण त्यातून ‘कसेही द्या’ असा अर्थ काढतात. मला तो पटत नाही. सरासरी रुग्ण कोणत्याच खाटेवर झोपलेला नसतो. एकाला कमी पडलेले आणि दुसऱ्याला जास्त झालेले पाणी हिशेबात एकमेकांना खाऊन टाकू शकते.

आपल्या देशात आणखी एक बाब आहे. गर्भलिंगनिदानास आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ साली देशात प्रथम कायदा केला, आणि १९९४ साली केंद्राचा कायदा झाला. त्यान्वये सोनोग्राफीचे प्रत्येक यंत्र नोंदवावे लागते आणि हलविता येण्याजोग्या यंत्रांवर विशेष बंधने आहेत. ज्या समाजात मुली जन्मापूर्वीच नाहीशा होत, त्या समाजाला हे बंधन घालून घ्यावेच लागले. त्याबद्दल तक्रार करण्याचा आपणांस अधिकार नाही. पण खाटेशेजारी नेण्याचे यंत्र लहान गावच्या इस्पितळात आणावयाचे तर नोंदणी, अर्हताप्राप्त डॉक्टर आणि कागदपत्रे हे सारे लागते, आणि अत्यवस्थ वृद्धाच्या छातीवर ठेवावयाच्या साधनालाही त्या वाटेने जावे लागते, हेही खरे.

आत्याच्या छातीवरील रेघा दुसऱ्या दिवशी निम्म्या झाल्या आणि तिसऱ्या दिवशी मोजक्याच उरल्या. दाखल झाल्यानंतर चार किलोंनी वाढलेले तिचे वजन घरी जाण्याच्या दिवशी पूर्ववत झाले होते. भावाच्या कागदावरील शेवटची नोंद त्या सकाळची होती: चहा, ५० मिलिलिटर. उरलेला आत्याने साखर कमी म्हणून परत केला होता.